धागा: मोठ्या हल्ल्यानंतर देश खरंच सुरक्षित होतो, की फक्त ती एक वाट बंद होते?

विजापूर_वेस (धागाकर्ता)
नोव्हेंबर आला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, "26/11 नंतर सगळं बदललं, आता तसं होणं शक्य नाही." दुसरं, "काही बदललं नाही, पहलगाम बघा." मला दोन्ही आळशी वाटतात. कुठली गोष्ट बदलली, कुठली बदलली नाही, आणि बदललेली अजून चालू आहे का, हे वेगवेगळं तपासलं पाहिजे. राजकीय पक्षांची धुणी इथे धुवू नयेत, त्यासाठी दुसरे धागे आहेत. सोलापूरला काय लागू पडतं तेही लिहा. मुंबईचंच पुराण नको.

होटगी_रोड
आधी "सुरक्षित" कशाने मोजायचं ते ठरवा मालक. हल्ल्यांची संख्या? मृतांची? की लोकांची भीती? तिन्ही वेगवेगळ्या दिशेला जातात.

मोठा हल्ला ही मुळातच दुर्मीळ घटना. एका वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेक वेळा त्याहून बरं असतं, सरकारने काही केलं नाही तरी. 2008 चं उदाहरण घ्या. मे महिन्यात जयपूर, 25 जुलैला बंगळूर, 26 जुलैला अहमदाबाद, 13 सप्टेंबरला दिल्ली, 30 ऑक्टोबरला आसाम, मग मुंबई. एवढ्या वर्षाशी तुलना केली की 2009 शांतच दिसणार. त्या शांततेचं श्रेय कुणीही लाटू शकतं, आणि लाटलंही जातं.

जुनी_मिल_कंपाउंड
मग मोजूच नये का ओ?

होटगी_रोड
मोजावं, पण पाच-दहा वर्षांच्या पट्ट्यात, आणि हल्ल्याचा प्रकार वेगळा काढून. शहरातले साखळी बॉम्बस्फोट हा एक प्रकार घ्या. 13 फेब्रुवारी 2010 ला पुण्यात जर्मन बेकरी, 13 जुलै 2011 ला मुंबईत झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादर, 1 ऑगस्ट 2012 ला पुण्यात जंगली महाराज रस्ता, फेब्रुवारी 2013 मध्ये हैदराबादचं दिलसुखनगर, ऑक्टोबरमध्ये पाटणा. म्हणजे 26/11 नंतर पाच वर्षं ही मालिका चालूच होती. ऑगस्ट 2013 मध्ये इंडियन मुजाहिदीन या संघटनेचा म्होरक्या यासीन भटकळ नेपाळ सीमेवर सापडला, तिचं जाळं उसवत गेलं, आणि त्यानंतर तसे साखळी स्फोट जवळजवळ थांबले. माझ्या मते ते जाळं उसवल्याने थांबले. मॉलच्या दारात पर्स उघडून बघणाऱ्या गार्डमुळे नव्हे.

वायरलेस_ऑपरेटर
26/11 नंतर काय उभं राहिलं, ते एकदा नीट मांडतो. अर्धी चर्चा अंदाजावर चालते म्हणून.

त्या रात्री एनएसजी, म्हणजे केंद्राचं कमांडो दल, दिल्लीजवळ मानेसरला होती. नेणारं मोठं विमान दिल्लीत उभं नव्हतं, ते चंदीगडहून आणावं लागलं. कमांडो मुंबईच्या रस्त्यावर उतरेपर्यंत दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली. तोपर्यंत समोर होते .303 रायफली आणि लाठ्या घेतलेले आपले पोलीस, आणि हल्लेखोरांकडे एके-47. तुकाराम ओंबळे यांनी कसाबला पकडलं तेव्हा त्यांच्या हातात लाठी होती.

यातून जे दुरुस्त झालं ते असं. 2009 मध्ये एनएसजीचे तळ मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकात्याला झाले. महाराष्ट्राने फोर्स वन हे स्वतःचं कमांडो पथक उभारलं. डिसेंबर 2008 मध्येच एनआयए या केंद्रीय तपास संस्थेचा कायदा आला आणि यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा कडक झाला. गुप्तवार्ता एकत्र करणारं मल्टी एजन्सी सेंटर 2001 पासून होतं, पण तेव्हा ते नावालाच होतं. आता ते चोवीस तास चालतं आणि राज्यांशी जोडलेलं आहे. समुद्राकडची जबाबदारी नौदलाकडे दिली, किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली, 2014 मध्ये गुरुग्रामला सगळं चित्र एकत्र दिसणारं केंद्र सुरू झालं.

अडकलं तेही सांगतो. राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र 2012 मध्ये राज्यांच्या विरोधामुळे बारगळलं. पोलीस हा राज्याचा विषय. केंद्राच्या गुप्तवार्ता संस्थेला अटकेचे अधिकार द्यायला मुख्यमंत्री तयार नव्हते, आणि त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ होता असं मला वाटत नाही.

आसरा_चौक
समुद्राचं मात्र गुलाबी चित्र नको. 26/11 चे हल्लेखोर जिच्यातून आले ती 'कुबेर' ही मासेमारीची बोट होती, म्हणजे आपल्याच हजारो बोटींसारखी दिसणारी. ओळख सांगणारं एआयएस यंत्र 20 मीटरपेक्षा मोठ्या बोटींना सक्तीचं झालं. त्याहून लहान बोटी कितीतरी जास्त, आणि त्या बरीच वर्षं बाहेरच राहिल्या. लहान लाकडी होडी रडारवर लाटांच्या गोंधळात नीट उठत नाही. म्हणून बोटींना राज्यानुसार रंग, मच्छीमारांना बायोमेट्रिक कार्ड, बंदरावर नोंद, असे साधे उपाय पुढे आले. ते चालतात का, हे बंदरावरच्या नोंदवहीत रोज कुणी लिहितं का यावर ठरतं.

गस्ती बोटींची गंमत वेगळीच. बोट एकदाच खरेदी होते, तिचं उद्घाटन होतं, फोटो येतो. डिझेल, इंजिनचे सुटे भाग आणि समुद्र माहीत असलेला खलाशी हा दरवर्षीचा खर्च, त्याला फोटो नाही. खाऱ्या हवेत वर्षभर उभी राहिलेली बोट पुढच्या वर्षी सुरूच होत नाही.

आणि ही वाट 1993 मध्येच दिसली होती. आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडीला उतरलं. 12 मार्चला मुंबईतल्या स्फोटांत 257 माणसं गेली. पंधरा वर्षांनी पुन्हा समुद्रच.

चादर_आणि_चटणी
म्हणजे एकाच दाराने चोर दोनदा आला. 😶

विजापूर_वेस
हाच मुद्दा मला हवा होता. एक दार बंद केलं की चोर घरी बसतो की दुसरं दार शोधतो?

होटगी_रोड
यावर जुना आणि पक्का अभ्यास आहे. 1973 मध्ये अमेरिकेत विमानतळांवर मेटल डिटेक्टर आले. एंडर्स आणि सँडलर या अर्थशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये आकडे तपासले. विमान अपहरणं खरोखर घटली, पण ओलीस धरण्याचे दुसरे प्रकार आणि हत्या वाढल्या. वकिलातींच्या भिंती भक्कम केल्या, तर अधिकाऱ्यांवर वकिलातीबाहेर हल्ले वाढले. म्हणजे काही धोका घटतो आणि काही सरकतो.

पण सरकणं हेही काही वेळा यशच असतं. कंदाहारचं विमान अपहरण डिसेंबर 1999 चं. 2000 पासून सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाने विमानतळ ताब्यात घ्यायला सुरुवात केली. तेव्हापासून भारतातून उडालेलं एकही प्रवासी विमान कुणी पळवून नेऊ शकलेलं नाही. 1985 मध्ये एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानातल्या बॉम्बस्फोटात 329 माणसं गेली, तिथे बॅग विमानात होती आणि बॅगेचा मालक चढलाच नव्हता. आता प्रवासी चढला नाही की त्याची बॅग शोधून उतरवतात, विमानाला उशीर झाला तरी चालेल. हे दोन्ही उपाय टिकले, कारण ते रोज, प्रत्येक उड्डाणाला करावे लागतात. रोज करायच्या कामाला गंज चढत नाही.

आसरा_चौक
कॉकपिटचं दार विसरलात. 9/11 नंतर ते आतून बंद होणारं आणि गोळीला दाद न देणारं झालं. माझ्या मते त्या सगळ्या खटाटोपातला सर्वात स्वस्त आणि उपयोगी बदल. पण मार्च 2015 मध्ये जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या सहवैमानिकाने त्याच दारामागे स्वतःला कोंडून घेतलं, कॅप्टन बाहेर दार ठोठावत राहिला, 150 माणसं गेली. बाहेरच्यासाठी बांधलेलं दार आतल्याच्या हाती पडलं.

जुनी_मिल_कंपाउंड
9/11 नंतर लोक विमान सोडून गाडीने फिरायला लागले आणि रस्त्यावर जास्त मेले, असं वाचलेलं आठवतंय.

होटगी_रोड
बरोबर. गेर्ड गिगेरेंझर या मानसशास्त्रज्ञाचा अंदाज आहे, पुढच्या वर्षभरात रस्त्यावर सुमारे 1,500 जादा मृत्यू. म्हणून भीतीसुद्धा मोजा म्हटलं.

आपल्याकडचं बोला. पुणे आणि विजापूर महामार्गावर ऊस भरलेली ट्रॉली रात्री दिव्याशिवाय उभी असते, तिच्यासाठी कुठला आयोग बसतो? मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत 8 जीव गेले. दहशतवादावर खर्च करू नये असं म्हणत नाही. पण बाहेर पडायचा मोकळा रस्ता, सुरू असलेला हायड्रंट (आगीसाठीचा पाण्याचा नळ), गाडी आत येईल एवढी रुंद गल्ली, हे आगीतही लागतं आणि स्फोटातही.

वायरलेस_ऑपरेटर
चौकशी अहवाल काय सांगतात, यावरही लिहायला हवं. नॉर्वेचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. 22 जुलै 2011 ला ओस्लोच्या सरकारी इमारतींसमोर एकाने स्फोटकांची गाडी उभी केली, मग उटोया बेटावर गोळीबार केला. 77 मृत. पुढच्या वर्षी चौकशी आयोगाने स्पष्ट लिहिलं की इमारतींसमोरचा ग्रुबेगाटा हा रस्ता वाहनांना बंद करायचा निर्णय आधीच झालेला होता. अंमल काही वर्षं रेंगाळला. दोष माहितीच्या अभावाचा नव्हता.

श्रीलंकेत तर आणखी वाईट. 21 एप्रिल 2019 च्या ईस्टर हल्ल्यांआधी भारताने 4 एप्रिललाच इशारा दिला होता. तो कागदावर फिरत राहिला, चर्चपर्यंत पोचलाच नाही. अडीचशेहून जास्त माणसं गेली.

म्हणून नुसतं "गुप्तवार्ता सुधारली" म्हणण्याला अर्थ नाही. इशारा नेमका हवा: ठिकाण, काळ, पद्धत. "सणासुदीत सतर्क राहावे" असा कागद प्रत्येक पोलीस ठाण्यात दर महिन्याला येतो, तो फाइलला लागतो. आणि नेमका इशारा आला तर त्यावर कुणी, किती वाजता, काय केलं याची नोंद परत वर गेली पाहिजे. ती परतीची वाट बहुतेक ठिकाणी कच्ची असते.

चादर_आणि_चटणी
तंत्रज्ञानावर भरवसा ठेवणाऱ्यांनी 7 ऑक्टोबर 2023 आठवावं. इस्रायलने गाझाभोवती सुमारे 65 किलोमीटरचं कुंपण, जमिनीखाली भिंत, सेन्सर, दूरवरून चालणाऱ्या बंदुका, सगळं 2021 मध्ये पूर्ण केलं होतं. हल्लेखोरांनी ड्रोनने टेहळणी मनोऱ्यांवर स्फोटकं टाकली, कुंपण बुलडोझरने पाडलं. जवळपास 1,200 मृत. यंत्रणा आंधळी झाली तर कोण बघणार, याचं उत्तर तयार नव्हतं.

विजापूर_वेस
आता सोलापूर. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर आणि अक्षता सोहळ्याला किती गर्दी असते हे सगळ्यांना माहीत आहे. गेटवर मेटल डिटेक्टरची चौकट उभी केली की झालं का?

वायरलेस_ऑपरेटर
साधा गुणाकार करा. चौकट वाजल्यावर थांबवून अंगझडती घ्यायची तर एका माणसाला 10 ते 15 सेकंद. म्हणजे एका गेटातून तासाला 240 ते 360 माणसं. 10,000 लोकांना तासात आत घ्यायचं तर सगळ्यांची झडती घेऊन 28 ते 42 गेट लागतील. तेवढी नसतात. मग दोनपैकी एक होतं. चौकट वाजत राहते आणि कुणी बघत नाही, किंवा गेटबाहेर हजार-दोन हजार माणसांची रांग दाटते. ती रांगच नवं लक्ष्य.

इस्तंबूलच्या विमानतळावर जून 2016 मध्ये इमारतीच्या दारातच तपासणी होती. हल्ला तिथल्याच गर्दीवर झाला. ब्रसेल्सला त्याच वर्षी मार्चमध्ये तपासणीच्या अलीकडच्या हॉलमध्ये. मँचेस्टरला 2017 मध्ये कार्यक्रम संपून लोक बाहेर पडताना, तिकिटाच्या दाराबाहेरच्या जागेत, 22 मृत.

म्हणून यात्रेसाठी माझा क्रम असा. सर्वात आधी वाहनं लांब ठेवा, वाळूच्या पोत्यांनी किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांनी, नुसत्या दोरीने नाही. अॅम्ब्युलन्स आणि अग्निशमनाची एक वाट पूर्ण मोकळी, तिच्यावर पाळण्याचा किंवा भेळेचा गाडा नको. बाहेर पडायच्या वाटा आत यायच्या वाटांपेक्षा जास्त आणि रुंद. मोठ्या बॅगांना वेगळी रांग, म्हणजे बाकीची भराभर सरकते. पोलिसांनी बॅगा उघडण्यापेक्षा माणसं बघावीत. बॉम्बशोधक पथकाची पाहणी गर्दी जमायच्या आधी, आणि पाहणीनंतर जागा सील. पाहणी झाल्यावर मंडपवाला पुन्हा सामान घेऊन आत गेला तर ती पाहणी रद्द समजा.

जुनी_मिल_कंपाउंड
यात्रेत दोरीच असते बगा.

डॉ_सातरस्ता
एक बाजू राहतेय. सुरक्षित म्हणजे हल्ले कमी, एवढंच नाही. झालेल्या हल्ल्यात किती वाचतात, हेही. इथे सुधारणा खरी आहे आणि ती टिकतेही, कारण तेच कौशल्य अपघातात रोज वापरलं जातं.

बोस्टन मॅरेथॉन, 15 एप्रिल 2013. दोन बॉम्ब, जागीच 3 मृत्यू, अडीचशेहून जास्त जखमी, कितीतरी जणांचे पाय गेले. रुग्णालयात जिवंत पोचलेला प्रत्येक जण वाचला. शर्यतीमुळे वैद्यकीय तंबू आणि अॅम्ब्युलन्स आधीच तिथे होत्या, लोकांनी पट्ट्यांनी रक्त थांबवलं, आणि जखमी एकाच रुग्णालयात न कोंबता अनेक रुग्णालयांत वाटले गेले.

हे वाटप सोलापुरात सर्वात अवघड जाईल. काहीही झालं की रिक्षा, टेम्पो, जीप सगळ्यांचं तोंड सिव्हिलकडे वळतं. सुरुवातीला चालते-बोलते, किरकोळ जखमी येतात, खाटा भरतात, आणि खरे गंभीर नंतर पोचतात. घटनास्थळीच एक माणूस फक्त जखमींच्या वर्गीकरणाला हवा: लाल (तातडीचा), पिवळा (थोडा थांबू शकणारा), हिरवा (किरकोळ), काळा (मृत). त्याने उपचार करत बसू नये. हिरवे मुद्दाम लांबच्या रुग्णालयात पाठवावेत. 108 च्या गाड्यांनी कुठे जायचं हे एकाच ठिकाणाहून ठरावं.

सामान्य माणसासाठी: हात-पायातून रक्त उसळत असेल तर माणूस काही मिनिटांत जातो. जखमेवर थेट, दोन्ही हातांनी, पूर्ण वजन टाकून दाबा. खोल जखमेत स्वच्छ कापड कोंबून मग दाबा. सारखं उचलून बघू नका. तरीही थांबत नसेल तर जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला, 5 ते 7 सेंटिमीटरवर रुंद पट्टी बांधा, सांध्यावर नाही. त्यात काठी अडकवून पिळत जा, रक्त थांबेपर्यंत. बांधल्याची वेळ कपाळावर पेनने लिहा. सुतळी किंवा तार वापरू नका, ती मांस कापते आणि रक्त थांबत नाही. पोटात-छातीत घुसलेली वस्तू ओढून काढू नका.

आसरा_चौक
ब्रिटनने मँचेस्टरनंतर याचाच कायदा केला, एप्रिल 2025 मध्ये. 200 ते 799 माणसं जमू शकतात अशा जागांना साधे नियम: बाहेर कसं काढायचं, दारं कशी लावायची, लोकांना कसं कळवायचं. 800 आणि वर असेल तर जास्त. पण बघा, हल्ला 2017 चा, कायदा आठ वर्षांनी, आणि अंमलाला वर आणखी मुदत.

जुनी_मिल_कंपाउंड
कायद्यावरून. दहशतवादविरोधी कायदे बघा: टाडा 1985, पोटा 2002, मग यूएपीए. कायदा कडक झाला की देश सुरक्षित होतो का?

होटगी_रोड
कडक कायद्याने माणूस आत जास्त दिवस राहतो. खटला सिद्ध होईलच असं नाही. 11 जुलै 2006 च्या मुंबईतल्या लोकल स्फोटांतले 12 आरोपी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सोडले, एकोणीस वर्षांनी. त्याच महिन्याच्या शेवटी मालेगावच्या 2008 च्या स्फोटाचे सातही आरोपी विशेष न्यायालयात सुटले. (लोकल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे.) कोण दोषी यावर इथे वाद नको. पण दोन्हीकडे सिद्ध करण्याएवढा पुरावा न्यायालयासमोर उभा राहिला नाही. म्हणजे ज्यांनी केलं ते कोण, हे कायद्याच्या दृष्टीने आजही मोकळंच आहे.

पाळतीचंही तसंच. अमेरिकेने 9/11 नंतर सगळ्यांच्या फोनच्या नोंदी साठवल्या. 2014 मध्ये त्यांच्याच सरकारी देखरेख मंडळाने तपासलं, तर अमेरिकेला असलेल्या धोक्याच्या एकाही तपासात त्या साठ्याने निकाल बदलल्याचं उदाहरण सापडलं नाही.

चादर_आणि_चटणी
मग सीसीटीव्हीही वाया? नवी पेठेत दर दुकानाला दोन कॅमेरे आहेत.

आसरा_चौक
वाया नाही, पण ते नंतर उपयोगी पडतात. बंगळूरच्या रामेश्वरम कॅफेचा स्फोट 1 मार्च 2024 चा. कॅमेऱ्यांनी स्फोट थांबवला नाही, पण टोपी घातलेल्या माणसाचा माग त्यांच्यामुळेच लागला आणि दीड महिन्याच्या आत तो बंगालात पकडला गेला. अट एवढीच की चित्रण शिल्लक असावं.

इथेच दुकानदार फसतात. 2 मेगापिक्सेलचा कॅमेरा 2 एमबीपीएसला (सेकंदाला 2 मेगाबिट) दिवसाला साधारण 21.6 जीबी खातो. 16 कॅमेऱ्यांचे झाले जवळपास 346 जीबी. डीव्हीआरमध्ये (चित्रण साठवणारा डबा) 4 टीबीची डिस्क असेल तर साडेअकरा दिवसांत जुनं पुसलं जातं. महिनाभर ठेवायचं तर 10 टीबीच्या वर लागते. बसवणारा सांगतो "महिनाभर राहतं", कारण त्याने दर्जा आणि फ्रेम कमी करून ठेवलेल्या असतात. मग चेहरा म्हणजे चार ठिपके.

वायरलेस_ऑपरेटर
त्यात भर. डीव्हीआरचं घड्याळ दहा-पंधरा मिनिटं पुढे-मागे असतं. दोन दुकानांची चित्रणं जोडताना तपास तिथेच अडतो. इंटरनेट असेल तर वेळ आपोआप जुळवणारी सेटिंग सुरू करा, नसेल तर महिन्यातून एकदा मोबाइलशी ताडून बघा. एक कॅमेरा तरी रस्त्याकडे, छातीच्या उंचीच्या थोडा वर, दिव्याच्या उलट्या तोंडाने नको. गल्ल्यावरचा कॅमेरा फक्त चोर नोकर पकडतो.

पोलिसांनी चित्रण मागितलं तर मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून देऊ नका. मूळ फाइल डीव्हीआरमधून काढा, हॅश मूल्य (फाइल बदलली नाही हे दाखवणारा आकडा) काढून घ्या, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र द्या. त्याचे दोन भाग आहेत, एक यंत्र ताब्यात असणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. जुलै 2024 पासून हेच लागू आहे, जुनं 65ब चं टाइप केलेलं पत्र चालत नाही.

विजापूर_वेस
सोलापुरात खरंच काही झालं तर पहिल्या तासात कोण येणार?

वायरलेस_ऑपरेटर
112 ला फोन, जवळच्या ठाण्याची गाडी, मग शहर पोलिसांचं शीघ्र कृती दल. सोरेगावला राज्य राखीव दलाचा गट क्रमांक 10 आहे, म्हणजे मनुष्यबळ जवळ आहे. एनएसजीचे जवळचे तळ हैदराबाद आणि मुंबई. रस्त्याने हैदराबाद 300 किलोमीटर, मुंबई 400. तळ वाढले तरी आपण बरोबर मधे. म्हणून पहिला तास स्थानिकांचाच, आणि त्या तासात वेढा घालणं, लोक बाहेर काढणं आणि बघ्यांना लांब ठेवणं एवढं नीट झालं तरी पुष्कळ. 26/11 ला वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या आणि पलीकडे बसलेले सूत्रधार ते बघून फोनवर सूचना देत होते. आता प्रत्येकाच्या खिशात वाहिनी आहे.

जुनी_मिल_कंपाउंड
आमच्या अपार्टमेंटमध्ये भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यायला घरमालक तयारच नाहीत. "कशाला लफडं" म्हणतात.

आसरा_चौक
ऑनलाइन भरता येते, राज्य पोलिसांच्या पोर्टलवर. भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, मूळ पत्ता, ओळख देणाऱ्या दोघांचे नंबर. पोच जपून ठेवा. पोलीस आयुक्तांचा मनाई आदेश लागू असताना माहिती दिली नाही तर गुन्हा घरमालकावर दाखल होतो, हे त्यांना सांगा, लगेच भरतील. आणि मूळ पत्त्यावर एक फोन स्वतः करा. ठाण्यात अर्ज पडून राहू शकतो, फोनला दोन मिनिटं लागतात.